गोरित्सियातलं घर

कतारच्या हमद पोर्टवरच्या क्लिअरिंग ऑफिसात त्या मंगळवारी एक खोका जास्त निघाला. यादीत एकेचाळीस, आले बेचाळीस. बंदरात माल कमी निघाला तर कुणाला नवल वाटत नाही, पण जास्त निघाला की सगळ्यांच्या भुवया वर जातात. इटलीहून आलेल्या त्या मालाची कागदपत्रं रिफत मुकादमच्या टेबलावर होती, म्हणजे भुवया तिच्याकडेच वळल्या.

खोका सुतळीने बांधलेला होता. वर निळ्या शाईत, थरथरत्या पण वळणदार अक्षरात नाव... अम्मार. किंमत नाही, बिल नाही. आत काय आहे त्याची एक चिठ्ठी मात्र डकवलेली होती. रिफतने ती फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली आणि भाषांतर वाचलं. पीठ, लोणी, अक्रोड, मनुका, आणि आलुबुखाराची दारू. तिने कपाळाला हात लावला.

माल ज्या हॉटेलच्या इटालियन रेस्टॉरंटसाठी आला होता तिथे तिने फोन केला आणि इंग्रजीत चांगलं झापलं. तासाभरात एक उंच, सावळा तरुण दारात उभा. अंगात शेफचा पांढरा कोट, बाहीवर टोमॅटोचा डाग, आणि बाहेरच्या उन्हातून धावत आल्यामुळे कपाळावर घाम. त्याने इंग्रजीत सॉरी म्हटलं. रिफतने ते ऐकून घेतलं आणि शेजारच्या टेबलावरच्या उल्काकडे वळून मराठीत म्हणाली, "केकमध्ये दारू घालून कतारला पाठवतात. डोकं कुठं ठेवतात गं ही माणसं?"

"डोकं जागेवर आहे हो तिचं," तो मराठीत म्हणाला. "वय शहाऐंशी आहे, एवढंच."

उल्काने तोंड फाइलमध्ये खुपसलं. रिफतचे कान गरम झाले.

"तुम्ही... मराठी?"

"म्हसळ्याचा. आणि तुम्ही रत्नागिरीच्या."

"कशावरून?"

"रागावल्यावर कळतं," तो म्हणाला, आणि असा हसला की पुढचं झापणं रिफतच्या तोंडातच राहिलं.

मग त्याने सांगितलं. इटलीच्या अगदी पूर्वेच्या टोकाला गोरित्सिया नावाचं गाव आहे. अर्धं गाव इटलीत, आणि रस्ता ओलांडला की स्लोव्हेनिया. तिथे नीवेस नावाच्या म्हातारीच्या खानावळीत तो सहा वर्षं होता. खोक्यातला तो केक नव्हे, गुबाना. गोगलगाईच्या शंखासारखी वळकटी करून भाजलेली, अक्रोड-मनुका भरलेली गोड पोळीच म्हणा. त्यात आलुबुखाराची दारू घातली नाही तर तिथले लोक त्याला गुबाना म्हणत नाहीत. अम्मारसाठी नीवेस वेगळा, मधाच्या पाण्यातला करायची आणि दर वेळी बजावायची, की हा गुबाना नाही, हा पाव आहे. या वेळी मात्र तिने खरा केला, बहुधा त्याच्या हॉटेलातल्या मंडळींसाठी. माल पाठवणारा व्यापारी तिचा शेजारी. त्याच्या ट्रकमध्ये तिने खोका सरकवून दिला असणार. अन्नाला सरहद्द अडवू शकते हे तिला आयुष्यात कधी पटलेलं नाही.

नियमाप्रमाणे गुबाना नष्ट करायचा होता. अम्मारने मुकाट्याने सही केली. जाताना मात्र दारात थांबून विचारलं, "सुतळी घेऊ का? चांगली आहे."

रिफतला हसू आलं. परदेशात कितीही वर्षं राहिला तरी ज्याला सुतळी टाकवत नाही तो माणूस कोकणातलाच.

पुढच्या मंगळवारी तो डबा घेऊन आला. आत लाडवाएवढे गोळे होते. उकडलेल्या बटाट्याचं पीठ, प्रत्येकाच्या पोटात बी काढलेला एक अख्खा आलुबुखार आणि बीच्या जागी साखर. वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा आणि दालचिनी. रिफतने एक फोडला तर आतून गरम, आंबटगोड, जांभळा रस तिच्या बोटांवर आला. गोड की तिखटाबरोबर खायचं, जेवणाआधी की नंतर, काही कळेना. अम्मार म्हणाला, तिथेही यावरून भांडणं होतात. गाव आधी ऑस्ट्रियाच्या राजाचं होतं, मग इटलीचं झालं, घराघरांत अर्धी भाषा स्लोव्हेनियन. प्रत्येकाने आपापलं काहीतरी पातेल्यात टाकलं आणि निघून गेले. पातेलं राहिलं.

"छान बोलता," रिफत बोट चाटत म्हणाली. "रोजच एक खोका जास्त येऊ दे."

उल्काला तेवढं पुरलं. त्यानंतर दर सोमवारी ती रिफतला आठवण करून द्यायची, की उद्या मंगळवार आहे, जरा बरा ड्रेस घाल. रिफत तिला फटकारायची आणि बरा ड्रेस घालायची.

खरं तर तेव्हा रिफतला कशातच चैन नव्हती. तिचे अब्बा नसरुद्दीन मुकादम तीस वर्षं दोह्यात एका शिपिंग कंपनीत होते, आता क्रेन विभागाचे सुपरवायझर. डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. रिफत जन्मली इथेच, शिकली इथेच. पण राहत होती अब्बांच्या व्हिसावर. व्हिसा संपला की अल नस्रमधला कंपनीचा फ्लॅट सोडायचा आणि पावसजवळच्या गावी जायचं, जिथे ती आजवर फक्त मे महिन्यात पाहुणी म्हणून गेली होती. अम्मा जैतून कधीच खोके बांधायला लागली होती. एकेक भिंत रिकामी होत होती. रिफत ऑफिसातून आली की या खोलीतून त्या खोलीत फिरायची, कपाट उघडायची, बंद करायची. बस म्हटलं तर तिला बसवायचं नाही. अम्मा म्हणायची, "भोवऱ्यावानी काय फिरतंस गो बाय? चाललो ना आपल्या घरला?" आणि रिफतला कळायचं नाही की आपल्या घरला म्हणजे नेमकं कुठं.

अम्मारला ती हे सांगत नसे. तो गोरित्सियाचं सांगायचा, ती ऐकायची. नीवेसची आजी एकाच खोलीत जन्मली, त्याच खोलीत म्हातारी होऊन मेली, आणि तेवढ्या आयुष्यात तिच्यावरची राज्यं चार वेळा बदलली. रिफत म्हणाली, माझं उलटं आहे. अल नस्रमध्ये चार फ्लॅट झाले, देश मात्र एकही नाही. ती हसत म्हणाली होती, पण तो हसला नाही. त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याने तिची दोन दिवस झोप उडाली.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी कोकणी मंडळींची समैस्माच्या किनाऱ्यावर सहल निघाली. अम्मारलाही बोलावणं होतं. म्हसळ्याचा मुलगा म्हटल्यावर कुणी ना कुणी ओळख काढतंच. बायका चटईवर बिर्याणी वाढत होत्या, पुरुष मासळीच्या भावावर वाद घालत होते. रिफत आणि अम्मार पाण्याच्या कडेने चालायला लागले. अम्माच्या नजरेच्या टप्प्यात, पण कानाच्या टप्प्याबाहेर.

त्याने झाडूंची गोष्ट सांगितली. महायुद्धानंतर, सत्तेचाळीस साली, सैनिक आले आणि त्यांनी गावातून रेषा मारली. कुणाचं घर इकडे, शेत तिकडे. शेजारच्या गावात तर कब्रस्तानातून रेषा गेली. तीन वर्षं कुणाला पलीकडे जाता येईना. मग पन्नास साली, ऑगस्टातल्या एका रविवारी, स्लोव्हेनियाच्या बाजूचे हजारो लोक रेषेवर जमले आणि पहारेकऱ्यांना न जुमानता सरळ इटलीत आले. नीवेस तेव्हा अकरा वर्षांची. तिची मावशीही आली. रडारड झाली, मिठ्या मारून झाल्या, आणि संध्याकाळी परत जाताना लोकांनी दुकानांतून काय नेलं असेल?

"सोनं?"

"झाडू. तिकडे झाडू मिळत नव्हते. प्रत्येकाच्या खांद्यावर झाडू. नीवेसच्या मावशीने दोन नेले."

रिफत खळखळून हसली. मग तिचं हसू उतरलं. तीन वर्षांनी एक दिवस मिळाला, तर त्या बाईने घर झाडायचं सामान नेलं. त्या न पाहिलेल्या मावशीबद्दल तिला एकाएकी फार माया वाटली. आणि शेजारी चालणाऱ्या या माणसाचा रागही आला. दोन महिने तो बोलतोय, आणि एक शब्द त्यात तिच्यासाठी नाही.

"गावाचं पुरे झालं," ती थांबून म्हणाली. "तुमचं सांगा."

तोही थांबला. पाणी त्याच्या बुटांवर आलं, त्याचं लक्ष नव्हतं. नीवेसचा फोन आला होता, तो म्हणाला. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि खानावळ बंद पडली, म्हणूनच तो दोह्याला आला. आता ती खानावळ त्याच्या हाती सोपवायची म्हणते. त्याचा तिथला राहण्याचा परवाना आहेच. डिसेंबरच्या सहा तारखेचं तिकीट काढलंय.

"बरं," रिफत म्हणाली. आवाज तिने सरळ ठेवला. "मग?"

"मग... रिफत, मी..."

तेवढ्यात चटईवरून अम्माने हाक मारली, बिर्याणी निवते म्हणून. अख्ख्या गावाचा इतिहास तोंडपाठ असणाऱ्या माणसाला आपलं एक वाक्य पुरं करता येऊ नये! रिफत पुढे निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

पुढचे चार दिवस तिने कसे काढले तिचं तिला ठाऊक. मंगळवारी तो आला नाही. बुधवारी कांदा चिरता चिरता अम्माने सहज सांगावं तसं सांगितलं, की म्हसळ्याहून अम्मारच्या मामूचा अब्बांना फोन आला होता, रिफतसाठी मागणं घालायला. रिफतच्या हातातली वाटी खाली ठेवली गेली. म्हणजे हा माणूस मामूशी बोलला, मामू अब्बांशी बोलले, अब्बा अम्माशी, आणि तिच्यापर्यंत बातमी कांद्याबरोबर आली. आनंदाने नाचावं की जाऊन त्याची मानगूट धरावी, ते तिला ठरवता येईना.

अब्बांनी मात्र ठरवलं होतं. त्यांच्यात रीत अशी, की मुलगी द्यायची तर आधी मुलाचं घर बघायचं. दोन जाणती माणसं जातात, छप्पर बघतात, चूल बघतात, शेजारीपाजारी बघतात. अब्बांनी पुतणीचं एक स्थळ विहिरीचं पाणी मचूळ लागलं म्हणून मोडलं होतं. अम्मारचे आईवडील लहानपणीच गेले, म्हसळ्यात तो मामूंकडे वाढला. गावी त्याच्या नावाचं घरच नाही. घर काय ते गोरित्सियात, नीवेसच्या खानावळीचं. अब्बा म्हणाले, तर मग ते बघू. शुक्रवारी जुम्म्यानंतर फोन लाव म्हणावं, व्हिडिओवर.

शुक्रवारी अम्मार इस्त्रीचा सदरा घालून सोफ्याच्या कडेवर टेकला होता, जणू पूर्ण बसलं तर सोफा मोडेल. भोवती खोके. अम्माने चहा आणि सांदणं ठेवली. टीपॉयवर फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. पडद्यावर आधी नुसता एक कान दिसला, मग पांढरे केस, मग नीवेस. ती इटालियन बोलणार, अब्बा मराठी. मध्ये दुभाष्या खुद्द नवरा मुलगा.

अब्बांनी पहिला प्रश्न टाकला. खानावळीत दारू विकणार?

"नाही," अम्मार म्हणाला. "ते तिला मान्य करायला दोन वर्षं लागली. अजून कुरकुरते."

मग घर बघणं सुरू झालं. छप्पर कौलारू, अब्बांनी मान हलवली. चूल लोखंडी, मोठी. अम्मा पुढे सरकली. पाणी नळाचं, गोड. नीवेस काठी टेकत मागच्या अंगणात आली. अक्रोडाचं झाड, पुढे दगडांची एक ठेंगणी रांग, रांगेपलीकडे कोंबड्यांचं खुराडं. ती काहीतरी म्हणाली. अम्मारने ते न लपवता सांगितलं.

"ती म्हणते, दगडांच्या अलीकडे इटली. खुराडं स्लोव्हेनियात."

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हंजे कोंबडी एका देशात नि चूल दुसऱ्या देशात?"

"आता कुणी अडवत नाही अब्बा. कधीतरी रस्त्यावर पोलीस कागद बघतात, एवढंच."

"आज नाय अडवत. उद्या?" अब्बांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अम्मार, तू पोरगा चांगला हायस. पण तीस वर्षं मी दुसऱ्याच्या मुलखात दुसऱ्याच्या सहीवर काढली. दर वेळेला कागद संपायला आला की माझ्या पोटात गोळा. मी पोरीला तसल्याच रेषेवर नेऊन बसवू? नाय रे बाबा. खलास."

रिफतला वाटलं उठून जावं. दारापर्यंत, खाली रस्त्यावर, कुठंही. अब्बांवर रागावणंही तिला जमेना, कारण ते खोटं बोलत नव्हते. पोटातला तो गोळा तिने लहानपणापासून बघितला होता. सहा तारखेला अम्मार जाईल. एकतीस तारखेला हे घर जाईल. आणि ती खोक्यांबरोबर जाईल, जिथे पाठवतील तिथे.

नीवेसने पलीकडून काहीतरी विचारलं. अम्मारने अब्बांचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं, काही न गाळता. त्याला वेळ लागला. म्हातारी फोन समोर टेकवून अक्रोडाखालच्या बाकावर बसली आणि बोलायला लागली, आणि तो सांगत गेला.

"ती म्हणते, तुमचं बरोबर आहे. रेषा मारली तेव्हा ती आठ वर्षांची होती. सैनिक चुन्याची बादली घेऊन आले. तिच्या वडिलांनी हात जोडले, की चार पावलं पलीकडे घ्या, खुराडं तरी आत येऊ द्या. ते म्हणाले, नकाशा असाच आहे. तिच्या आईने महिनाभर सामान बांधून ठेवलं होतं. कुठल्या बाजूला राहायचं, राहायचं की जायचं... ते सगळं वरच कुणीतरी ठरवलं. ती म्हणते..."

तो थांबला.

"काय म्हणते?" अब्बांनी विचारलं.

अम्मारचे कान लाल झाले होते. पडद्यावरून नीवेस त्याला दटावल्यासारखं पुन्हा तेच म्हणाली, बोट नाचवत.

"सांगा," रिफत म्हणाली. तासाभरात ती पहिल्यांदा बोलली होती.

"ती म्हणते, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही मुलीला विचारलंत का?" त्याने रिफतकडे बघितलं. "आणि मला म्हणते... गाढवा, तू तरी विचारलंस का?"

अम्माने पदर तोंडाला लावला. अब्बा चहाच्या कपात बघत राहिले.

"नाही विचारलं," अम्मार म्हणाला. आता तो कुणाचं भाषांतर करत नव्हता. "मामूंना सांगितलं, कारण रीत तशी आहे. आणि कारण... तुझ्यासमोर मला बोलता येत नाही. झाडू, राजे, रेषा, सगळं सांगता येतं. तू समोर आलीस की मला तेवढंच आठवतं. पण मंगळवार नसला तर तो दिवस माझा नसतोच, रिफत. माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू येशील का? नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

आईबापांसमोर असं कुणी बोलतं का? रिफतचा चेहरा तापला, डोळे भरून आले, आणि त्या सगळ्यातून तिला स्वच्छ कळलं की सत्तावीस वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा कुणी विचारतोय. जन्म कुठे घ्यायचा ते नव्हतं विचारलं, ते ठीकच. पण त्यानंतरही नाही.

"मला यायचंय," ती म्हणाली. "पण सहा तारखेला नाही. पळून आल्यासारखं तर मुळीच नाही. आधी मी अम्मा-अब्बांबरोबर गावी जाणार. हे खोके तिथे माझ्या हाताने सोडणार, अब्बांची खुर्ची कुठं ठेवायची ते बघणार. निकाह तिथेच, अब्बांच्या दारात. मग येईन. थांबशील?"

"थांबेन."

"अब्बा," ती वळली, "तुम्ही म्हणालात तसा गोळा माझ्याही पोटात येईल. येऊ दे. पण तो मी निवडलेला असेल. एवढंच मला हवंय."

अब्बांनी कप उचलला, चहा निवलेला होता तरी एक घोट घेतला. पडद्यावर नीवेस हनुवटी काठीवर टेकून वाट बघत होती. अम्माने अब्बांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शेवटी अब्बांनी घसा खाकरला. "तिला विचार," ते फोनकडे बोट दाखवत म्हणाले, "तिकडं थंडी किती पडते?"

अम्मार धडपडत पुढे झाला आणि त्याने तो प्रश्न नीवेसला विचारला, मोठ्याने, शुद्ध मराठीत. नीवेसने कपाळाला आठ्या घातल्या. त्याला आपली चूक कळेचना. त्याने तोच प्रश्न आणखी मोठ्या आवाजात मराठीतच परत विचारला. तेव्हा रिफतने फोन आपल्याकडे वळवला आणि दोन्ही हातांनी अंग चोळून, दात वाजवून दाखवलं. म्हातारीला लगेच उमगलं. तिने मान हलवली, छे, तेवढी नाही. मग आपले पांढरे केस दोन्ही हातांनी विस्कटले, गाल फुगवले आणि जोरात फुंकर मारली.

"काय गो म्हणते ती?" अब्बांनी विचारलं.

"थंडी फार नाही," रिफत म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "वारा असतो. खूप वारा."

अब्बांनी सांदणाची बशी अम्मारच्या पुढे सरकवली.

"मग काय तां," ते म्हणाले. "वारा तर आपल्याकडं पण असतो."